समुद्रशैवालाचे विरजण

दह्याताकाचे गुणगान करण्यात आपल्या लोकांनी कधी कसूर केलेली नाही. परंतु समुद्रातल्या शेवाळालाही विरजण लावता येते, आणि जपान-कोरियात त्यावर प्रयोगशाळांनी व कारखान्यांनी बरीच मजल मारली आहे, ही हकीकत आपल्याकडे जाहिरातींच्या वाटेनेच येऊन पोहोचत असल्यामुळे, सूक्ष्मजंतुशास्त्राच्या एका जुन्या सेवकाने तिचा खराखोटा तपशील वाचकांपुढे मांडावा हे उचित होय.

1908 हे साल या मामल्यात मोठे योगायोगाचे. त्या वर्षी तोक्योच्या शाही विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या रुंद पानांच्या तपकिरी शैवालाच्या काढ्यातून ग्लुटामिक आम्ल वेगळे काढले आणि त्या काढ्याच्या रुचीचे मर्म उलगडले. त्याच वर्षी, आंबट दुधाने वार्धक्य लांबते असा हिरिरीने प्रचार करणारे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेचनिकॉव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते पारितोषिक दह्याबद्दल नव्हते, रक्तातील भक्षक पेशींच्या शोधाबद्दल होते, एवढी गोष्ट जाहिरातदार सोयीस्करपणे गाळतात.

दुधात लॅक्टोज ही शर्करा तयारच असते. जंतूंनी फक्त पंगतीला बसायचे. शैवालाची गोष्ट निराळी. कोंबूचे अंग मुख्यतः अल्जिनेट, लॅमिनरिन व फ्युकॉइडान या लांब साखळ्यांच्या शर्करांचे. त्या तोडण्याची हत्यारे लॅक्टिक आम्ल निर्माण करणाऱ्या जंतूंपाशी सहसा नसतात. सबब कोणी बाहेरून थोडे ग्लुकोज घालतो, तर कोणी जपानी संशोधक मोतोहारू उचिदा यांनी उल्व्हा या हिरव्या शैवालावर केले त्याप्रमाणे आधी सेल्युलेज हे विकर वापरून पेशीभित्ती विरघळवतो आणि मग जंतू सोडतो.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. वाळलेल्या कोंबूची भुकटी पाण्यात कालवली की अळशीच्या खळीसारखा बुळबुळीत लगदा होतो. तो उकळून निववावा, त्यात किंचित साखर मिसळावी आणि लेव्हिलॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिस या जंतूचे विरजण लावावे. (2020 साली लॅक्टोबॅसिलस कुळाची फाळणी होऊन नव्या दफ्तरात याची नोंद अशी झाली, जुन्या ग्रंथांत तो लॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिसच आहे.) प्रथम आम्लता वाढते, बुडबुडे येतात, समुद्राचा उग्र दर्प मावळून आंबूस वास सुटतो. पुढे मात्र दह्याच्या अनुभवाने अपेक्षा बांधणारा चकित होतो, कारण आम्लता वाढत जाण्याऐवजी थबकते, क्वचित थोडी उतरतेही. रोज एकेक थेंब कागदावर चढवून, द्रावणात चालवून, त्यावर निनहायड्रिन फवारून तापवला, तर ग्लुटामिक आम्लाचा जांभळा ठिपका दिवसेंदिवस फिका पडताना आणि त्याच्या वर दुसरा ठिपका गडद होताना दिसतो. हा दुसरा ठिपका गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्लाचा, म्हणजेच गाबा या द्रव्याचा. वस्तुतः आम्लाच्या माऱ्यातून स्वतःचा जीव वाचवण्यासाठी जंतू ग्लुटामिक आम्लातील कार्बन डायऑक्साइड काढून टाकतो आणि त्या व्यवहारात हायड्रोजनचा एक आयन खर्ची घालतो. आपल्या प्रकृतीची चिंता त्याला मुळीच नाही. इकेदांनी शोधलेल्या रुचिद्रव्याचे गाबा होणे हा त्याच्या आत्मरक्षणाचा अवशेष आहे.

हा गाबा मज्जासंस्थेत शामक कार्य करतो हे खरे. पण पोटातून घेतलेला गाबा रक्त व मेंदू यांच्यामधील अडसर कितपत ओलांडतो याविषयी मतभेद आहेत. रक्तदाब किंचित उतरल्याचे काही छोट्या प्रयोगांत आढळले आहे; त्यावरून निद्रानाश, विस्मरण व यकृतविकार यांवर एकच बाटली लागू पडते असे म्हणणे हे शास्त्र नव्हे, दुकानदारी होय. काचपात्रातील गुणांचे दाखले माणसाच्या देहाला लावू नयेत, हा माझा जुना आग्रह आहे.

पुरावा कसा असावा, हे पाहण्यासाठी परदेशी जायला नको. ओडिशातील खेड्यांत 4,556 नवजात बालकांवर झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक निश्चित वाण विशिष्ट शर्करेसह आठवडाभर दिला असता जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. तेथे वाण ठरलेला, मात्रा ठरलेली, तुलनेसाठी दुसरा गट हजर. आंबवलेल्या शैवालाच्या पदरी या तोलाचा दाखला अद्याप नाही.

शिवाय जागतिक आरोग्य संघटना व अन्न-शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 साली केलेल्या व्याख्येनुसार प्रोबायोटिक जंतू जिवंत हवेत आणि पुरेशा संख्येने हवेत. शैवालाचा आंबवलेला अर्क पुष्कळदा तापवून, गाळून, भुकटी करून विकला जातो, आणि अशा भुकटीला ते नाव लावण्यास माझी सक्त हरकत आहे. तिच्यात जंतूंनी घडवलेली द्रव्ये असतील, जंतू नाहीत.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. जपानी लोकांच्या आतड्यातील एका जंतूने नोरी या लाल शैवालातील शर्करा पचवण्याचे जनुक सागरी जंतूंकडून उचलले असल्याचे 2010 साली निदर्शनास आले. ज्या उत्तर अमेरिकनांची तपासणी झाली त्यांच्यात ते सापडले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या ताटात शैवाल आहे त्यांचे लाभ, चायना ग्रासच्या पुडिंगपलीकडे शैवालाशी संबंध न आलेल्या आपल्या लोकांना जसेच्या तसे मिळतील असे गृहीत धरता येत नाही. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर उल्व्हा व सरगॅसम वाढतात, त्यांवर आपल्याच विद्यापीठांनी प्रयोग करावेत, ही माझी शिफारस मात्र कायम आहे.

तूर्त बाटली घेताना जंतूचे पूर्ण नाव, वाणाची खूण आणि मुदत संपेतोवर जिवंत राहणारी संख्या वेष्टनावर छापली आहे की नाही ते पाहावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2011 च्या मार्गदर्शक तत्त्वांत हा तपशील अपेक्षित आहे. प्रौढाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते; एका ग्रॅम वाळलेल्या कोंबूत ते हजाराहून अधिक असू शकते, आणि आंबवल्याने ते नाहीसे होत नाही. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी व गर्भवती स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज ही भुकटी घेऊ नये.