हलकं तेच भारी!

आपल्या मराठी भाषेनं हलकेपणावर जरा अन्यायच केला आहे. साडी उंची असली की ती ‘भारी’ आणि कापड सुमार असलं की ‘हलक्या प्रतीचं’. कुणाचंही ऐकणारा माणूस हलक्या कानाचा. आमच्या कोल्हापुरात तर चांगल्या गोष्टीला शेरा एकच, ‘लय भारी!’ आमच्या आबांचं सगळं आयुष्य याच हिशेबात गेलं. उद्यमनगरात त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं छोटंसं गॅरेज आहे. चाळीस वर्षं त्यांनी तिथं गाड्यांचा पत्रा ठोकला. गाडी कशी आहे, हे ते दार लावून ठरवतात. दार ‘धप्प’ करून लागलं तर गाडी चांगली, ‘टण्ण’ वाजलं तर नुसता डबा! अशा माणसाच्या घरात त्याच्या धाकट्या मुलानं, म्हणजे माझ्या भावानं, एक दिवस जाहीर केलं की तो गाडीचं बॉनेट कापडापासून करणार आहे.

हे वेड त्याला कॉलेजात लागलं. इंजिनिअरिंगच्या मित्रांबरोबर त्यानं एक छोटी रेसिंग कार बांधली आणि कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेला नेली. देशभरातल्या कॉलेजांच्या गाड्या तिथं उतरतात. एकेक किलो कमी करण्यासाठी मुलं कशी जिवाचं रान करतात, हे तो पाहून आला. पुढे पुण्यात नोकरी लागली, ती दीड वर्षात सोडली आणि स्वारी घरी परतली.

घरात चिंतेला कारणं होती. आबा सत्तरीला टेकलेले. हातोडीच्या आवाजानं त्यांचे कान कधीच गेलेले. गॅरेजात काम शिकायला पोरगं मिळत नाही. चेपलेला भाग ठोकून सरळ करण्यापेक्षा नवाच बसवून घेण्याकडे गिऱ्हाइकाचा कल. त्यात आईला दमा. त्यामुळे प्रश्न मुलाच्या छंदापुरता नव्हता. गॅरेजचं शटर उघडं राहील का आणि त्यापायी आईच्या छातीचं काय होईल, असा तो प्रश्न होता.

हे कापड म्हणजे कार्बन फायबर. आपण ज्या ॲक्रिलिक लोकरीचे स्वेटर विणतो, तिच्याच जातकुळीतल्या धाग्यापासून ते बनतं. तो धागा प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांहून अधिक तापवतात. बाकी सारं निघून जातं आणि उरतो जवळजवळ निव्वळ कार्बन. त्याचा एक तंतू आपल्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक. असे तीन-तीन हजार तंतू एकत्र करून पट्टी होते आणि त्या पट्ट्यांचं कापड विणतात. नुसतं हातात घेतलं तर ते रेशमासारखं लोळतं. एपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून साच्यात बसवलं आणि सुकलं की मात्र दगडासारखं कडक होतं. तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या तुलनेत वजन साधारण एक पंचमांश.

हलकं म्हणजे कमकुवत, ही समजूत जगानंही एकदा अशीच सोडली. 1981 साली मॅक्लारेननं फॉर्म्युला वन शर्यतीत कार्बन फायबरच्या सांगाड्याची गाडी उतरवली, तेव्हा टक्कर झाली तर तिचा चुरा होईल, असं अनेकांना वाटत होतं. त्याच वर्षी इटलीतल्या माँझा इथं जॉन वॉटसनची गाडी जोरात आदळली. इंजिन मागून तुटून पडलं आणि वॉटसन स्वतःच्या पायांनी बाहेर चालत आला! आपल्या ‘तेजस’ विमानाच्या सांगाड्यातही वजनानं सुमारे 45 टक्के भाग अशा संमिश्र पदार्थांचा आहे.

आईला मात्र यातलं काही पटलं नव्हतं. तिला पटली ती डॉ. अब्दुल कलामांची गोष्ट. कलाम ती भाषणांत सांगत असत. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमधले एक अस्थिशल्यचिकित्सक त्यांच्या प्रयोगशाळेत आले. अग्नी क्षेपणास्त्रासाठी केलेला हलका पदार्थ त्यांनी हातात घेतला आणि कलामांना थेट आपल्या रुग्णालयात नेलं. तिथं लहान मुलं तीन-तीन किलोंचे धातूचे कॅलिपर पायांत घालून पाय ओढत होती. तीन आठवड्यांत कलामांच्या माणसांनी तीनशे ग्रॅमचे कॅलिपर करून दिले. मुलं पळू लागली. हे ऐकल्यावर आई एवढंच म्हणाली, “कर बाबा. पण माझ्या घरात त्या रेझिनचा डबा उघडायचा नाही.”

परसातली लाकडाची शेड रिकामी झाली. घराकडची खिडकी कायमची बंद झाली आणि पलीकडच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसला. नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा अंगरखा आणि वाफ व धूळ दोन्ही अडवणारा फिल्टरचा मास्क घातल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. हे नियम आईपुरते नव्हते. एपॉक्सी वारंवार अंगाला लागलं तर त्वचेला ॲलर्जी होते आणि एकदा झालेली ही ॲलर्जी सहसा जन्माची सोबत करते. घासताना उडणारी धूळ फुप्फुसाला वाईट, शिवाय तिच्यातून वीज वाहते. एखाद्या यंत्रात शिरली तर शॉर्टसर्किट व्हायचं. म्हणून वॉटर पेपर घेऊन पाणी लावूनच घासायचं आणि कामाचे कपडे शेडबाहेर आणायचे नाहीत.

पहिले प्रयत्न फसले. एकदा त्यानं मगभर रेझिनमध्ये हार्डनर घातला आणि ब्रश शोधायला वळला. तेवढ्यात मग तापून धुरायला लागला. रेझिन घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतं. पसरट भांड्यात, थोडं थोडं कालवलं तर ती निघून जाते. उंच मगात ती साठते आणि भडका उडतो. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालूनही चालत नाही. माप चुकलं की माल कायमचा मऊ राहतो. म्हणून सगळं डिजिटल काट्यावर, ग्रॅमच्या हिशेबात. आषाढातल्या दमट हवेत केलेल्या तुकड्यावर चिकट, पांढरट थर आला. आमच्याकडे पापड उन्हाळ्यात का करतात, हे आईनं त्याला त्या दिवशी नव्यानं समजावलं!

खरी अडचण साच्याची होती. जुन्या झेन गाडीचं बॉनेट काढून त्यावरून साचा घ्यायचा होता. साचा फार प्रामाणिक असतो. मूळ पत्र्यावरची लाट, खड्डा, ओरखडा, सारं तो जसंच्या तसं पुढच्या प्रत्येक नगावर उमटवतो. भावाला पत्रा गुळगुळीत दिसत होता. आबा न बोलावता शेडच्या दारात आले, डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवला आणि खडूनं सात खुणा केल्या. “हितं लाट हाय. हितं बी.” मग चार दिवस त्यांनी हातोडी-डॉली घेऊन, लांबी भरून, घासून तो पत्रा आरशासारखा केला. चाळीस वर्षांची विद्या वाया गेलेली नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला त्या चार दिवसांत दिसलं.

त्यावर मेणाचे सहा हात चढले. मग काचतंतूचा साचा निघाला. त्यालाही मेण. मग कार्बनचं कापड, हलक्या हातानं लावलेलं रेझिन आणि वर प्लॅस्टिकची हवाबंद पिशवी. एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तसल्या पंपानं पिशवीतली हवा ओढून घेतली की बाहेरची हवा चौरस मीटरला नऊ-दहा टनांच्या जोरानं कापड साच्यावर दाबते. जादा रेझिन वरच्या फडक्यात शोषलं जातं. वजन कमी होतं ते याच दाबामुळे. नुसतं कापड महाग असून भागत नाही. कडांना बिजागऱ्यांच्या जागी काचतंतूचा थर मध्ये घालावा लागतो, कारण कार्बनला धातू थेट टेकला आणि ओल लागली की धातू लवकर गंजतो.

दुसऱ्या दिवशी बॉनेट साच्यातून सुटलं. लोखंडी बॉनेट काट्यावर साडेदहा किलो भरलं होतं, हे भरलं साडेतीन! आबांनी ते एका हातानं उचललं, वरखाली केलं आणि म्हणाले, “लेका, ह्ये वाऱ्यानं उडंल की रं.” आम्ही हसलो, पण म्हातारा बरोबर बोलला होता. एवढं हलकं बॉनेट वेगात नुसत्या मूळ कुलपावर सोडता येत नाही. शर्यतीच्या गाड्यांना म्हणूनच पुढे दोन वेगळ्या पिना असतात. त्या बसवल्या आणि मगच बॉनेट गाडीवर चढलं.

शेडनं स्वतःला काही मर्यादाही घालून घेतल्या आहेत. घरी करायची ती बॉनेट, डिकीचं झाकण अशी बाह्य आवरणं, तीही बंद ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांसाठी. दरवाज्यांना हात लावायचा नाही, कारण बाजूनं धडक बसली तर त्यांच्या आतला पोलादी दांडा माणसाला वाचवतो. रस्त्यावरच्या गाडीचं मूळ बॉनेटही धडकेत ठरावीक जागी दुमडेल असं बनवलेलं असतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलात बसणार नाहीत असे बदल गाडीत करता येत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये दिला आहे. रोजच्या गाडीसाठी कुणी आलं तर भाऊ हात जोडतो.

गेल्या वर्षभरात शेडमधून अकरा बॉनेट आणि चार डिक्या बाहेर पडल्या. यातून बंगला होणार नाही. पण गॅरेजचं शटर रोज वर जातं, साच्याचा पत्रा आबाच तपासतात आणि आईच्या पंपाचे डोस वाढलेले नाहीत. माझ्या दृष्टीनं हा तिसरा हिशेब सगळ्यांत मोठा.

तुमच्याही घरात एखादं पोर असलं काही खूळ घेऊन आलं, तर लगेच ‘नाही’ म्हणू नका. वजन किती घटेल, पैसे किती मिळतील, हेही आधी विचारू नका. मास्क कुठला आणणार, खिडकी कुठली बंद करणार आणि काटा कुठे ठेवणार, हे विचारा. या तीन प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे तयार असली, तर शेडची किल्ली खुशाल त्याच्या हाती द्या.