ड्रॉइंगच्या हॉलमध्ये उभं राहताना

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया

चि. भाचीस,


ए.टी.डी.च्या, म्हणजे कलाशिक्षक पदविकेच्या, प्रात्यक्षिकाला तुझी पर्यवेक्षक म्हणून नेमणूक झाल्याचं ताईने फोनवर सांगितलं. ‘नुसतं उभंच तर राहायचंय,’ असं तू म्हणालीस म्हणे. म्हणून हे पत्र.

वस्तुचित्राच्या पेपरचं खरं काम पोरं यायच्या आधीच असतं. स्टुलावर मांडणी लावलीस की प्रत्येक बाकावर स्वतः बसून बघ. तांब्याचं तोंड दिसतंय, की पडद्याच्या चुणीआड गेलंय? उजेड एकाच बाजूने येऊ दे, नाहीतर दोन-दोन सावल्या पडतात आणि पोरं गोंधळतात. मांडणी पक्की झाली की प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती खडूची रेघ ओढून ठेव. पाणी वाटताना कुणाचा धक्का लागलाच, तर वस्तू जागच्या जागी ठेवता येते. बादली चार बोटं सरकली तरी तासाभराचं काम फुकट जातं, आणि दोष मात्र पोराच्या माथी बसतो.

वस्तुचित्रात कॉपीची फार धास्ती घेऊ नकोस. डावीकडे बसणाऱ्याला जगचा कान पुरता दिसतो, मधल्याला तो समोरून येतो. शेजाऱ्याचं बघून काढलेला कान कागदावर आपणच चुगली करतो. स्मरणचित्राचं मात्र वेगळं. तिथे क्लासमध्ये घोकलेली हंडा घेतलेली बाई चार कागदांवर एकाच अंगाने उभी असते. त्याचा निकाल परीक्षक लावेल.

तुला जपायचंय ते स्वतःच्या हातापासून. चित्रकलेच्या बाईंना चुकलेली लंबगोलाकृती बघवत नाही, बोट पुढे जातंच. हात मागे बांध. ‘जरा नीट बघ रे’ एवढंही बोलू नकोस.

इथे अमेरिकेत नातू हायस्कूलमध्ये एपीचं (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) ड्रॉइंग करतोय. त्या परीक्षेला हॉलच नाही. वर्षभराच्या शोधातल्या १५ प्रतिमा आणि निवडक ५ कामं, सोबत थोडं लेखन, एवढं पाठवायचं. पद्धत वाईट नाही. पोरगं विचार करायला शिकतं. एआय वापरायला सक्त मनाई आहे, पण ती पाळली जाते मुलाच्या आणि शिक्षकाच्या शब्दावर. आणि हे कुठे, तर अ‍ॅशबर्नमध्ये, जिथे शेतं जाऊन एआय ज्यांवर चालतं त्या डेटा सेंटरांच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्यात.

गंमत अशी, की ड्रॉइंग शिकवायची या देशाची आणि आपली पद्धत एकाच घरची. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन या कलाशिक्षणाच्या केंद्रातून लॉकवुड किपलिंग १८६५ साली मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत आला. साउथ केन्सिंग्टनलाच शिकलेला वॉल्टर स्मिथ १८७१ मध्ये बॉस्टनला. मॅसॅच्युसेट्सने त्याआधीच, १८७० साली, कायदा केला होता: दहा हजारांहून जास्त वस्तीच्या गावांनी पंधरा वर्षांवरच्यांना औद्योगिक ड्रॉइंग फुकट शिकवावं. शिकवणार कोण? म्हणून १८७३ मध्ये कलाशिक्षक घडवणारी नॉर्मल आर्ट स्कूल निघाली.

आता शिकवणारे निवडतात कसे ते बघ. आपल्याकडे महाराष्ट्रात शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी २०१७ पासून संगणकावर होते. बहुपर्यायी प्रश्नांनी चांगला बुद्धिमान माणूस निवडता येईल, पण फळ्यावर खडूने बैल काढून चाळीस पोरांना गप्प बसवणारा हात त्यात कुठे दिसणार? तो दिसायची जागा म्हणजे तुझा हॉल. आयटीआयच्या आरेखकांचंही तेच. त्यांतलं कुणी उद्या नगररचना खात्यात लागलं आणि विकास आराखड्यातली रस्त्याची रेघ जरा चुकली, तर कुणाचं तरी अंगण रस्त्यात जातं. मास्तर असो की सरकारी नोकर, त्याचा हात नेमणुकीआधी कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे.

तेव्हा ही ड्यूटी कंटाळ्याची समजू नकोस. मोबाईल बाहेर ठेव, कागदावरचे शिक्के आणि सह्या पेपर सुरू होण्याआधीच उरक, आणि वेळ संपली की सगळ्यांचे कागद एकदमच घे. ओळखीच्या पोराला दोन मिनिटंही जास्त देऊ नकोस.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा