उत्तनच्या होड्या आणि फ्लोरिडाचं रॉकेट

भाईंदर म्हटलं की बहुतेकांना काय आठवतं? गच्च भरलेली विरार लोकल! स्टेशन सुटलं की खाडीवरचा लांबलचक पूल लागतो, खिडकीतून भसकन खारा वारा आत येतो, मधेच पाणजू बेटाची हिरवी झाडी दिसते आणि पलीकडे नायगाव येतं. झालं, संपलं भाईंदर! मीरा-भाईंदरमध्ये जन्म काढलेली कितीतरी मुलं अशी आहेत, की ज्यांनी आपल्याच शहराचा समुद्र पाहिलेला नाही. तुम्ही त्यांतले असाल तर एका सुट्टीच्या दिवशी भाईंदर पश्चिमेला उतरा आणि उत्तनची बस पकडा.

बस सुरुवातीला दुकानांच्या गर्दीतून कशीबशी वाट काढते. मग मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं लागतात. उंच इमारती मागे पडतात, कौलारू घरं दिसू लागतात, आणि कडेला मिठागरांचे चौकोनी वाफे. उन्हाळ्यात इथे मिठाचे पांढरेशुभ्र ढीग असतात. पावसाळ्यात नुसतं पाणी आणि त्यात उभे बगळे. पुढे डोंगरीचा चढ-उतार, आणि मग नाकालाच कळतं की उत्तन आलं. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास कुणाला आवडतो, कुणी नाकाला रुमाल लावतं. (मला आवडतो!)

पण जून-जुलैत गेलात तर हा वास येणार नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. त्यामुळे उत्तन, पाली, चौक इथल्या कोळीवाड्यांतल्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या असतात. निळ्या ताडपत्र्या पांघरून त्या ओळीने उभ्या असतात. जणू सगळ्या वर्गाला एकदमच ताप आलाय आणि सगळे घरी पांघरूण घेऊन झोपलेत!

रविवार, १५ जून २०२५ रोजी मी माझ्या भाच्याला घेऊन उत्तनला गेलो होतो. शाळा दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती, म्हणजे स्वारी आधीच रुसलेली. पण रुसण्याचं खरं कारण वेगळंच होतं. त्याचं रॉकेट उडत नव्हतं!

त्याचं म्हणजे ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांचं. १९८४च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अवकाशात गेले, त्यानंतर ४१ वर्षांनी एक भारतीय पुन्हा निघाला होता, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पाऊल ठेवणारा तो पहिला भारतीय ठरणार होता. ‘अॅक्सिअम-४’ असं त्या मोहिमेचं नाव. पेगी व्हिटसन या अनुभवी अमेरिकन अंतराळवीर प्रमुख, शुक्ला वैमानिक, आणि बरोबर पोलंड आणि हंगेरी या देशांचा एकेक जण. फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रावर फाल्कन-९ रॉकेट उभं होतं. उड्डाणाची तारीख होती २९ मे. ती ८ जून झाली. मग १० जून. मग हवामान बिघडलं म्हणून ११ जून. आणि ११ तारीख उजाडायच्या आत बातमी आली, रॉकेटमध्ये गळती सापडली! नवी तारीख सांगितली होती १९ जून. भाच्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर इतक्या फुल्या मारल्या होत्या, की दूधवाल्याचा हिशोब कुठला आणि रॉकेटचा कुठला, ते त्याच्या आईलाही कळेना.

“मामा, म्हणजे रॉकेट नापास झालं?” त्याने बसमध्येच विचारलं.

प्रश्न चांगला होता. उड्डाणाआधी रॉकेटची एक परीक्षा घेतात. त्याला तळावर करकचून धरून ठेवतात, टाक्यांत खरं इंधन भरतात आणि सगळी इंजिनं काही सेकंद पेटवतात. फाल्कनच्या खालच्या टप्प्याला अशी नऊ इंजिनं आहेत. ही चाचणी सुमारे सात सेकंद चालली. नंतर तपासणी केली तेव्हा इंजिनांच्या भागात द्रवरूप ऑक्सिजन गळत असल्याचं दिसलं.

आता तुम्ही म्हणाल, ऑक्सिजनच ना? तो तर आपण नाकाने घेतो, त्याला काय घाबरायचं? भाईंदर पूर्वेला राहणाऱ्या मुलांना हे जास्त सांगावं लागणार नाही. तिथे स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे, पत्र्यांचे कारखाने गाळ्यागाळ्यांत आहेत. वेल्डिंग, गॅस-कटिंग रोजचंच. आमच्या ओळखीचे एक वेल्डरकाका आहेत. त्यांच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेलकट हात लावून बघा, असे ओरडतील की बस! ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला जाळायला त्याच्यासारखा मदतनीस नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेलाचा एखादा डागही भडकू शकतो. काका नळीचा सांधा जोडला की त्यावर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडा आला की समजायचं, गळतंय. बुडबुडा दिसला तर काम बंद. मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी बेहत्तर!

१९६७च्या २७ जानेवारीला अमेरिकेत याचं भयंकर उदाहरण घडलं. चंद्राकडे जाणाऱ्या अपोलो यानाची जमिनीवरच, इंधन न भरता, नुसती तालीम चालू होती. आत तीन अंतराळवीर बसलेले आणि यानात शुद्ध ऑक्सिजन भरलेला. एक ठिणगी पडली असावी. काही क्षणांत तिघंही गेले. त्यानंतर यानाचा दरवाजा, तारा, आतल्या वस्तू, सगळं नव्याने करावं लागलं, आणि माणसं घेऊन पहिलं अपोलो उडालं ते थेट ऑक्टोबर १९६८मध्ये.

असं बोलत बोलत आम्ही किनाऱ्यावर आलो. एका होडीखाली सावलीत एक कोळी आजोबा जाळं शिवत बसले होते. भाच्याने त्यांनाच विचारलं, “आजोबा, तुमच्या होडीला पण गळती लागते?”

आजोबा हसले. म्हणाले, “बाला, किनाऱ्यावर उभी असते तवा सगल्याच होड्या चांगल्या! पाण्यात लोटली म्हंजे कलतंय.”

मग त्यांनी समजावलं ते असं. लाकडी होडी दोन महिने कोरडी राहिली की फळ्या सुकून आकसतात आणि सांध्यांत बारीक फटी पडतात. त्या बुजवतात, वरून रंग देतात. पण खरी परीक्षा पाण्यातच. हंगामाच्या आधी होडी काठाजवळच्या पाण्यात उभी करून ठेवायची, लाकूड पाणी पिऊन फुगू द्यायचं, आणि तळाशी पाणी साचतंय का ते बघायचं. साचलं तर पुन्हा वर ओढायची. “आणि सगळे गेले पुढे, तुम्हीच राहिलात मागे, तर?” भाच्याने विचारलं. आजोबांनी जाळ्यावरून नजरसुद्धा काढली नाही. “ऱ्हायलो तर ऱ्हायलो,” म्हणाले.

रॉकेटचंही अगदी हेच आहे, बरं का! फक्त तिथे उलटी तऱ्हा. द्रवरूप ऑक्सिजन शून्याखाली १८३ अंश इतका थंड असतो. आपल्या फ्रिजरमधला बर्फ शून्याखाली १८ अंशांच्या आसपास असतो, त्यावरून कल्पना करा. एवढ्या थंडीत धातू आकसतो. साध्या हवेत घट्ट वाटणारा सांधा या गारठ्यात किंचित सैल होऊ शकतो. मग नुसतं बाहेरून बघून काय कळणार? खरा ऑक्सिजन भरून, इंजिनं खरोखर पेटवूनच बघावं लागतं. तेव्हा इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन आणि त्यांचे सहकारी अमेरिकेतच होते. गळती पूर्ण दुरुस्त करायची, पुन्हा चाचणी घ्यायची आणि मगच उडायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. भाच्याला मी एवढंच सांगितलं, की वार्षिक परीक्षेआधी घटक चाचणीत चूक सापडली तर रडायचं नसतं. (हे त्याला फारसं पटलं नाही. घटक चाचणीचा अनुभव त्याचाही दांडगा आहे!)

पण थांबणं काही फुकट नसतं. चौघे अंतराळवीर २५ मेपासून सगळ्यांपासून वेगळे राहत होते. अवकाशात सर्दी-खोकला न्यायचा नाही म्हणून. हा मुक्काम महिनाभर लांबला. आणि कधी कधी थांबलेल्या माणसाची पाळी येतच नाही. तुम्हाला एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन ही नावं माहीत आहेत? इस्रोच्या या दोघांची १९८५मध्ये अमेरिकेच्या स्पेस शटलसाठी निवड झाली होती. आपला इन्सॅट-१सी उपग्रह घेऊन जाणाऱ्या शटलमधून त्यांच्यापैकी एक जण जाणार होता. पण २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर हे शटल उडाल्यावर ७३ सेकंदांत आकाशात फुटलं आणि सात जण गेले. कुकरच्या झाकणाला रबरी रिंग असते ना, तशाच रिंगा त्याच्या रॉकेटच्या सांध्यांत होत्या. त्या रात्री कडाक्याची थंडी पडली आणि रबर कडक झालं. आदल्या रात्री काही इंजिनिअर कळवळून सांगत होते, उद्या उडवू नका! पण तारखा आधीच बऱ्याचदा पुढे गेलेल्या, वरिष्ठांना आणखी थांबायचं नव्हतं. त्यानंतर शटल अडीच वर्षांहून जास्त काळ जमिनीवरच राहिली. इन्सॅट-१सी १९८८मध्ये दुसऱ्याच, युरोपीय रॉकेटने गेला आणि भट व राधाकृष्णन यांची तारीख कॅलेंडरवर कधी आलीच नाही. ज्यांनी घाई केली ते वेगळे, आणि ज्यांची संधी हुकली ते वेगळे. मला या गोष्टीची राहून राहून हळहळ वाटते.

तर आपल्या फाल्कनची गळती बंद झाली. आता तरी उडेल ना? नाही! आता अवकाश स्थानकाच्याच रशियन भागात, ‘झ्वेझ्दा’ नावाच्या खोलीकडच्या बोगद्यात, हवेच्या गळतीचा जुना प्रश्न पुन्हा तपासायला निघाला. पाहुणे निघाले आणि यजमानांच्या घरी प्लंबर! १९ जून गेली, २२ जूनही गेली. अखेर २५ जूनला आपल्याकडे दुपारी १२ वाजून १ मिनिटाने रॉकेट झेपावलं. लखनौला शुक्ला यांचे आई-वडील त्यांच्या जुन्या शाळेतच ते पाहत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारच्या सुमारास यान स्थानकाला जोडलं गेलं. सामानात गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस होता, आणि प्रयोगांसाठी मूग आणि मेथीचं बियाणं. मोड आलेल्या मेथीचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. १५ जुलैला चौघे कॅलिफोर्नियाच्या समुद्रात सुखरूप उतरले. उत्तनच्या होड्या तेव्हा अजून किनाऱ्यावरच होत्या!

आपल्या स्वतःच्या ‘गगनयान’चीही अशीच वाट पाहणं चालू आहे. २०१८च्या १५ ऑगस्टला त्याची घोषणा झाली, तेव्हा २०२२ साल सांगितलं होतं. २०२५मध्ये इस्रोने माणसांच्या उड्डाणासाठी २०२७ सांगितलं. मोठी माणसं यावर नाकं मुरडतात. पण २१ ऑक्टोबर २०२३ची सकाळ आठवा. अंतराळवीरांना संकटातून सोडवणाऱ्या यंत्रणेची श्रीहरिकोटाला चाचणी होती. आत कुणीही माणूस नव्हता. खराब हवेमुळे आधीच उशीर झालेला, आणि उड्डाणाला फक्त पाच सेकंद उरले असताना संगणकाने स्वतःच मोजणी थांबवली! शास्त्रज्ञांनी कारण शोधलं, दुरुस्त केलं आणि दहा वाजता रॉकेट उडालं. पॅराशूटने उतरलेली कुपी नौदलाने समुद्रातून बाहेर काढली. गगनयानच्या रॉकेटला लागणारी विकास इंजिनं कुठे बनतात ठाऊक आहे? गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात, म्हणजे आपल्या लोकलच्या टप्प्यात!

उत्तनपासून पुढे चौकला मात्र जरूर जा. इथे वसईची खाडी समुद्राला मिळते आणि समोर वसईचा किल्ला दिसतो. अलीकडे धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. (झोपडपट्टीसाठी प्रसिद्ध असलेली धारावी ती वेगळी!) चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत या जागेसाठी मोठी झुंज झाली होती, कारण खाडीच्या तोंडावर इथूनच नजर ठेवता येते.

पावसाळा सरला की इथून आणखी एक गंमत बघता येते. अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दर दीड तासाने पृथ्वीला एक फेरी घालतं. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी ते कधी कधी आपल्या डोक्यावरून जातं. शुक्राइतका ठसठशीत ठिपका, न लुकलुकता, विमानासारखे लाल-हिरवे दिवे न दाखवता, चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की विझल्यासारखा नाहीसा होतो. त्याच्या वेळा नासा आधीच जाहीर करते. दुर्बीण लागत नाही. मोठ्या माणसाला बरोबर घ्या, टॉर्च घ्या, भरतीच्या वेळी खडकांवर जाऊ नका. आणि किनाऱ्यावर दुरुस्तीला काढलेल्या होडीवर चढून बसू नका. रंग ओला असतो आणि कोळी आजोबा फार मोठ्याने ओरडतात!