पलसाण्यावरील छाया

सुरतेहून मुंबईच्या वाटेला लागले की कडोदऱ्यापुढे पलसाणा हे तालुक्याचे गाव लागते. आसपास उसाची शेते आणि कापड रंगविण्या-छापण्याचे कारखाने. वाटसरू येथे मुद्दाम थांबत नाही. आम्ही थांबलो ते एका सकाळची आठवण म्हणून. २२ जुलै २००९, दिव्यांची अवस. सूर्योदयानंतर थोड्याच वेळात खग्रास ग्रहणाची छाया या भागावरून गेली. सुमारे तीन मिनिटे काळोख दाटला. पण पावसाळी ढगांनी सूर्याचा किरीट काही दिसू दिला नाही.

ढगांचे हे वैर जुनेच. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात पटवर्धनांच्या जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल असेच खोळंबले होते. तरी ढगांच्या फटीतून सूर्यकडेच्या ज्वाला त्यांच्या वर्णपटदर्शकात सापडल्या. तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन रेषा दिसल्या. प्रत्येक मूलद्रव्याचा तप्त वायू आपल्या ठरावीक रेषाच देतो. त्यांवरून त्याची ओळख पटते. तांबडी व निळी रेषा हायड्रोजनची. तिसरी सोडियमची वाटली, परंतु तिचे स्थान किंचित निराळे निघाले. लॉकियर यांनी ती एका अज्ञात द्रव्याची मानली, आणि त्यास हेलियम हे नाव पडले. १८९५ मध्ये रॅम्से यांना तेच द्रव्य पृथ्वीवरील खनिजात सापडले.

हा शोध विजयदुर्गावर लागला, असे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. लॉकियर तेथे आले होते हे खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणास. १८६८ मध्ये ते इंग्लंडातच होते. १८९८ च्या त्याच ग्रहणाचे वेध पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. आपला अभिमान या खऱ्या नोंदींवर उभा राहिलेला बरा.

किरीटातील एका हिरव्या रेषेची कथा याच्या उलट आहे. १८६९ मध्ये अमेरिकेतील ग्रहणात ती आढळली. ज्ञात द्रव्यांशी ती जुळेना, तेव्हा ‘कोरोनियम’ नावाचे नवे द्रव्य कल्पिले गेले. पुढे १९४० च्या सुमारास स्वीडनचे एड्लेन यांनी दाखविले, की ती रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. त्यासाठी दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग मात्र सहा हजार अंशांच्याही आत. वरचा विरळ किरीट इतका कसा तापतो, याचा पुरता उलगडा अजून व्हायचा आहे.

पलसाण्याच्या उसात फिरणाऱ्या नांगराचा फाळ ज्या लोखंडाचा, त्याचाच हिरवा प्रकाश त्या सकाळी ढगांआड राहिला. भारतातून पुढील खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ रोजी काश्मीर-लडाखकडे दिसेल. ज्यांना जाणे जमेल त्यांनी अवश्य जावे.