सुगंधाचे स्वागत

नाकपुडीच्या कडेला चिनी वैद्य जेथे सुई टोचतात, त्या बिंदूचे नाव ‘यिंग-श्यांग’, म्हणजे सुगंधाचे स्वागत. शिंकांनी बेजार झालेल्या नाकासाठी हे नाव फारच उदार म्हणावे लागेल. बंगळुरात स्वागत घडते ते बहुधा गाजरगवताच्या परागांचे! पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम दिसलेले हे परकीय गवत पुढे या शहराच्या मोकळ्या जागांत माजले. त्याच्या परागांनी नाक वाहणारे रुग्ण येथील संशोधकांनी १९९१ मध्ये नोंदवले.

परागज्वरावर सुयांचा उपयोग किती? जर्मनीत ४२२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१३) आठ आठवड्यांनी खऱ्या सुया लटक्या सुयांपेक्षा काहीशा सरस ठरल्या; सोळाव्या आठवड्यास तो फरक उरला नव्हता. नेहमीची गोळी सर्वच गटांना मुभेने मिळत होती, हे मात्र सांगायचे राहून जाते.

काढ्यांची बाब अधिक नाजूक. लाल, खाजऱ्या डोळ्यांवर चिनी वैद्य शेवंतीचा चहा देतात, आणि शेवंती तर गाजरगवताच्याच कुळातली. गाजरगवताने ज्यांच्या त्वचेवर पुरळ उठते, त्यांतील कित्येकांना शेवंतीही सोसत नाही. के. आर. मार्केटात जिच्या राशी पडतात, देव्हाऱ्यात जी रोज वाहिली जाते, तिच्याविषयी संशय घेणे कोणाला सुचणार? वैद्यही सहसा विचारीत नाहीत.