सरोवरतीरींचा पुतळा

गेल्या उन्हाळ्यांत कन्या व जामात यांच्या आग्रहास्तव आम्ही उभयतां स्वित्झर्लंडमध्यें जिनीव्हा येथें महिनाभर राहून आलों. तेथील हिमशिखरांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील; त्यांत भर घालण्याचा आमचा हेतु नाहीं. सांगावयाचें आहे तें माँत्रो नामक एका लहानशा गांवाविषयीं. एके सकाळीं आमचा नातू म्हणाला, “आजोबा, माँत्रोला पांचगणीच्या एका विद्यार्थ्याचा पुतळा आहे. येतां बघायला?” सातारा जिल्ह्यांत सारी हयात अध्यापनांत घालविलेल्या मनुष्यास एवढें आमंत्रण पुरेसें होतें.

लोझान मागें पडल्यावर आगगाडीच्या डावीकडे द्राक्षांचे मळे पायऱ्यापायऱ्यांनीं डोंगर चढतात; उजवीकडे सरोवराचें निळें पाणी आणि त्यापलीकडे सॅव्हॉयचे पर्वत. तासाभरांत माँत्रो आलें. बाजारचौकांतून पाण्याकडे उतरतांच पुतळा दिसला. ब्राँझचा, सुमारें दहा फूट उंच, उजवा हात आकाशाकडे उगारलेला, मुख सरोवराकडे. इरेना सेडलेका या शिल्पकर्त्रीनें तो घडविला व २५ नोव्हेंबर १९९६ रोजीं त्याचें अनावरण झालें. पायाशीं ताजीं फुलें होतीं. नांव फ्रेडी मर्क्युरी. आईबापांनीं ठेविलेलें नांव फारूख बलसारा.

हा पारशी मुलगा ५ सप्टेंबर १९४६ रोजीं झांजिबार येथें जन्मला व आठव्या वर्षीं पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत आला. तेथील मुख्याध्यापकांनीं त्याच्या अंगचा गुण ओळखून आईबापांस पत्र लिहिलें कीं, फीच्या जोडीस थोडी रक्कम द्याल तर मुलास रीतसर संगीत शिकवितां येईल. पालकांनीं तें मानलें आणि मुलगा पियानो शिकूं लागला. १९६४ सालीं झांजिबारांत क्रांति झाली. कुटुंब इंग्लंडांत गेलें. तेथें १९७० सालीं ब्रायन मे व रॉजर टेलर या दोघांसह त्यानें ‘क्वीन’ म्हणजे राणी या नांवाचा वाद्यवृंद काढला. पुढील वर्षीं जॉन डीकन येऊन मिळाला आणि चौकडी पुरी झाली.

या संगीतास ‘हार्ड रॉक’ म्हणतात. विजेनें वाढविलेला गिटारींचा गर्जनाद, ढोलांचा कडकडाट आणि त्यावर ताणलेला कंठ. आमच्या कानांस तें रुचत नाहीं, हें प्रांजळपणें सांगतों. असलें संगीत करणारे लोक उनाड असावयाचे, असाही आमचा ग्रह होता. नातवानें जें सांगितलें त्यानें तो डळमळला. डीकन विद्युच्छास्त्राचा पदवीधर. टेलर आधीं दंतवैद्यक शिकत होता. मे यानें तर किशोरवयांत वडिलांच्या मदतीनें स्वतःची गिटार घडविली, आणि तिच्यासाठीं जुन्या शेकोटीच्या चौकटीचें लांकूड वापरलें. वाद्यवृंदाच्या यशामुळें त्याचें खगोलशास्त्राचें संशोधन अर्धवट राहिलें होतें. तो प्रबंध तीसांहून अधिक वर्षांनीं, २००७ सालीं, पुरा करून त्यानें आचार्यपदवी मिळविली. कोणत्या शिक्षकाची मान ताठ होणार नाहीं?

पहिली ध्वनिमुद्रिका १९७३ सालीं निघाली. १९७५ सालीं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हें जवळजवळ सहा मिनिटांचें गीत त्यांनीं काढलें, तेव्हां एवढें लांब गीत रेडिओ लावणार नाहीं, असें जाणते म्हणत होते. तें इंग्लंडांत नऊ आठवडे अग्रस्थानीं राहिलें. १३ जुलै १९८५ रोजीं इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठीं वेम्ब्ले येथें झालेल्या मैफलींत त्यांनीं वीसएक मिनिटांत सारें मैदान जिंकलें. दोष सांगावयाचा तर, दक्षिण आफ्रिकेंत वर्णद्वेषी राजवट असतां १९८४ सालीं सन सिटी येथें जाऊन ते गायिले. त्याबद्दल त्यांस बोल लागला, तो रास्तच होता. चौघेही स्वतंत्रपणें गीतें रचीत. श्रेयावरून कुरबुरी होत. अखेर १९८९ च्या ध्वनिमुद्रिकेपासून प्रत्येक गीत चौघांच्या समाईक नांवानें लावण्याचें त्यांनीं ठरविलें. एकत्र कुटुंबें मोडतांना पाहिलेल्या आमच्या पिढीस याचें मोल कळेल.

पुतळ्यापासून थोड्या अंतरावर कॅसिनोची इमारत आहे. जुनी इमारत ४ डिसेंबर १९७१ रोजीं मैफल चालू असतांनाच जळाली. ‘डीप पर्पल’ या दुसऱ्या वाद्यवृंदानें त्या धुरावर रचलेलें गीत जगप्रसिद्ध आहे. पुन्हां बांधलेल्या इमारतींत ध्वनिमुद्रणशाळा झाली. ‘क्वीन’नें १९७८ सालीं तेथें काम केलें व पुढील वर्षीं ती विकतच घेतली. २०१३ पासून तेथें प्रदर्शन आहे. १९९१ च्या वसंतांत एड्सनें खंगलेला फ्रेडी येथेंच येऊन, उभें राहण्याची शक्ति नसतां, गात राहिला. मे महिन्यांत एका गीताचें शेवटचें कडवें उरलें. तें पुढें गाऊं म्हणून तो गेला तो परतला नाहीं. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं लंडनमध्यें त्याचा अंत झाला. तें कडवें मागाहून ब्रायन मे यानें गायिलें. तेंच गीत तेथें ऐकावयास मिळतें. नातवानें वाद्यांच्या खुंट्या खालीं सरकविल्या आणि नुसता कंठ उरला. तो ऐकतांना आमची आवडनिवड आम्ही विसरलों.

परतीच्या गाडींत मात्र मन त्या मुख्याध्यापकांच्या पत्रापाशीं अडलें. पस्तीस वर्षांपूर्वीं आम्हीही एका पालकास पत्र लिहिलें होतें. मुलगा मधल्या सुटींत माउथ ऑर्गन वाजवी; चार मुलें भोंवतीं जमत. अभ्यासाचा नाश होतो, या समजुतीनें आम्हीं तें वाद्य काढून घेतलें आणि ‘मुलाचें हें खूळ वेळींच मोडावें’ असें वडिलांस कळविलें. त्यांनीं मोडलें. मुलगा परीक्षा बऱ्या गुणांनीं उत्तीर्ण झाला व आमची पाठ थोपटली गेली. तो मोठा गवई झाला असता, असें आमचें म्हणणें नाहीं. तें कधीं कळूंच नये, अशी व्यवस्था मात्र आम्हीं केली.

माउथ ऑर्गन अद्याप आमच्या कपाटांत होता. स्वदेशीं परतल्यावर मुलाचा पत्ता मिळविला. मुलगा कसला, आतां पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ. वाद्य पुसून, पत्रासह त्यास पाठविलें आहे. उत्तर यावयाचें आहे.