गुमतारा आणि दोन नंबर मोठे बूट

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याने निघाले की वंजारपट्टी नाका मागे पडतो, लूमचा खटखटाट हळूहळू विरतो आणि खड्डे चुकवत चुकवत दुगड फाटा येतो. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांना जाताना हा फाटा आपल्यापैकी कितीतरी जणांनी ओलांडला असेल. तिथून दिसणारा डोंगर म्हणजे गुमतारा किल्ला, आणि तो आपल्याच भिवंडी तालुक्यात आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आम्हालाही नव्हते. आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सहकाऱ्याने नकाशावर बोट ठेवून दाखवले तेव्हा आम्ही शिक्षक एकमेकांकडे बघत राहिलो. मुलांना दरवर्षी बसने दूरदूरच्या बागा दाखवायच्या आणि घरामागचा किल्ला विसरायचा, हे काही बरे वाटले नाही.

दुगडचे नाव इतिहासातही आहे. डिसेंबर 1780 मध्ये इंग्रजांनी वसईला वेढा घातला होता. त्या वेळी कर्नल हार्टलेच्या फौजेवर मराठ्यांनी दुगडजवळ चढाई केली आणि त्या लढाईत सेनापती रामचंद्र गणेश मारले गेले. नववीच्या मुलांना पुस्तकातल्या पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची एक जागा डोळ्यांनी दाखवता येईल, असा आमचा विचार होता. डोंगरही फार उंच नाही, जेमतेम दोन हजार फूट.

पालकांना चिठ्ठी गेली. तिच्यात सगळे होते: पाण्याच्या दोन बाटल्या, डबा, टोपी, पालकांची सही. पायांबद्दल एकच ओळ होती, ‘बूट घालून येणे.’ ही ओळ आम्हीच लिहिली आणि पुढे जे झाले त्याची सुरुवात तिथेच झाली.

डिसेंबरातल्या त्या सकाळी दुगड गावात मुले रांगेत उभी राहिली तेव्हा आम्ही पहिल्यांदा त्यांच्या पायांकडे पाहिले. कुणाच्या पायात शाळेचे काळे बूट होते, कुणाच्या पीटीचे पांढरे कॅनव्हास. एकाने ईदला घेतलेले चकचकीत टोकदार बूट घातले होते आणि त्याच्या अम्मीने वर पॉलिशही करून दिले होते. एक जण भावाचे फुटबॉलचे खिळ्यांचे बूट घेऊन आला होता. आमच्यातल्या एका सरांनी तर कपाटात सात-आठ वर्षे डब्यात जपून ठेवलेले भारी बूट काढले होते. अर्ध्या वाटेवर त्यांचा सोल जबड्यासारखा उघडला आणि डब्याला बांधलेल्या सुतळीने तो बांधून सरांना किल्ला सर करावा लागला. नुसते ठेवून दिलेले बूटही म्हातारे होतात. डिंक सुटतो, काही सोलांचा तर अक्षरशः भुगा होतो. तेव्हा जुने बूट निघण्याच्या आठवडाभर आधी वाकवून, ओढून पाहावेत.

वाट दाखवायला गावातला एक आदिवासी तरुण होता. त्याच्या पायात प्लास्टिकची चप्पल होती आणि तो आमच्या सगळ्यांच्या पुढे होता. मुले विचारू लागली, ‘सर, मग बूट कशाला?’ प्रश्न रास्त होता. उत्तर एवढेच, की तो लहानपणापासून या मुरमावर चालतो, त्याचा तळवा आणि घोटा या डोंगराने घडवला आहे. आपले पाय जिन्यावर आणि रिक्षात वाढले.

चढताना कुणाची फारशी तक्रार आली नाही. गर्द झाडीतून वाट वर सरकते, मग सोंडेवर ऊन लागते, आणि शेवटी पडक्या दरवाजाचे अवशेष व कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. पूर्वेकडे माहुलीचे सुळके, पश्चिमेला कामणदुर्ग आणि तुंगारेश्वराची रांग. मुलांनी भिवंडी शोधली. धुरकटात काही पत्रे चमकत होते, तेच आपले गोदामवाले भिवंडी असे सर्वांनी ठरवून टाकले.

वर जोहरची वेळ झाली. बाटलीतल्या पाण्याने वुजू करताना एक गोष्ट लक्षात आली, जी डोंगरावरच्या कुठल्याही सल्ल्यात आम्ही वाचली नव्हती. मुले पाय धुऊन ओल्या पायांनीच मोजे चढवत होती. ओली कातडी मऊ होते, मोजा तिच्यावर घासतो आणि फोड येतो. बोटांमध्ये खिलाल करायला आपण शिकतो, तसे बोटांच्या बेचक्या कोरड्या करायलाही शिकायला हवे. आता आमच्या यादीत पायांसाठी वेगळा छोटा टॉवेल आणि मोज्यांचा एक कोरडा जोड असतो.

काही मुलांनी मसहबद्दल विचारले. चामड्याचे मोजे वुजू असताना घातलेले असतील आणि ते घोटे झाकत असतील तर मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्री त्यांवर मसह करता येतो. पण मुलांच्या पायांत होते तसे बूट घोट्याच्या खाली संपतात, तेव्हा पाय धुणे आलेच. घोट्यावर चढणाऱ्या ट्रेकिंगच्या बुटांबद्दल ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. भिवंडीत शाफई कोकणी घरे आहेत तशी हनफी मोमीन घरेही आहेत, त्यामुळे शिक्षकांनी यात फार हुशारी करू नये.

खरी परीक्षा उतरताना झाली. गुमताऱ्याच्या उतारावर पावसाळ्यानंतर घसारा असतो, म्हणजे सुटा मुरूम आणि त्यावर वाळलेले गवत. चढताना भार टाचेवर आणि चवड्यावर वाटला जातो. उतरताना मात्र अख्खा पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटे टोकावर आपटतात, दर पावलाला एकदा. दोन तास उतरलो म्हणजे किती वेळा, हिशोब करून बघा.

नववीतली एक मुलगी मागे मागे राहू लागली. विचारले तर म्हणाली, ‘काही नाही सर.’ पुन्हा विचारले, पुन्हा तेच. आमच्या दोन भाषांत याला दोन शब्द आहेत. मराठीत बूट चावतो, उर्दूत जूता काटता है. ती दोन्हींपैकी काहीही म्हणाली नाही. गावात पोहोचल्यावर बाईंनी तिला बाजूला बसवून बूट काढायला लावले. दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी झाली होती आणि एका मोज्याचे टोक रक्ताने चिकटले होते. बूट नवे कोरे होते, तिच्या पायापेक्षा दोन नंबर मोठे.

तिने न सांगण्याचे कारण तिसऱ्या दिवशी कळले. तिचे अब्बा रात्रपाळी संपवून तसेच शाळेत आले, केसांत अजून रुईचे तंतू होते. बूट टेबलावर ठेवून म्हणाले, ‘सर, मजबूत देखके लिया था. बड़ा लिया, दो-तीन साल चल जाएगा सोचके. गलती हुई क्या?’ सहलीसाठी त्यांनी जादा पाळ्या केल्या होत्या. मुलीला ते माहीत होते.

आम्ही काय उत्तर देणार? ‘वाढता पाय आहे, मोठाच घ्या’ हे आपल्या प्रत्येक घरात चालते. आमच्याही घरी चालले. शाळेच्या मैदानापुरते ते निभतेही. डोंगराला कोणते बूट चालतात हे आम्ही सांगितले नव्हते आणि त्यांनी आपल्या परीने सर्वांत चांगले ते आणले होते. चूक चिठ्ठीची होती, हे आम्ही त्यांना सांगितले. त्यांना ते पटले असे वाटले नाही.

मग आम्ही स्वतः तीन बत्तीच्या बाजारात गेलो, दोन-तीन संध्याकाळी. संध्याकाळीच, कारण दिवसभर उभे राहून पाय थोडे सुजतात आणि डोंगरावरही ते तसेच सुजणार असतात. सकाळी घट्ट बसणारा बूट दुपारी जीव घेतो. बरोबर जाड मोजे नेले, कारण घालायचे तेच. दोन्ही पाय सारखे नसतात, म्हणून मोठ्या पायाला येईल तो नंबर. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जावे. नाडी बांधल्यावर टाच हलू नये, पुढे मात्र बोटांना मोकळे हलता यावे. जाड मोज्यासाठी अर्धा किंवा फार तर एक नंबर वाढवावा, दोन नाहीत. आणि दुकानाला जिना असेल तर बूट घालून जिना उतरावा. दुकानदार हसतो, हसू द्यावे. बोटे टोकाला लागली तर तो बूट परत ठेवावा, मग तो कितीही सुंदर असो.

सोलबद्दल आमचे मत सांगतो. वरून खोल नक्षी दिसते म्हणून पकड असते असे नाही. नखाने दाबून पाहावे. दगडासारखा कडक प्लास्टिकचा सोल आपल्या काळ्या कातळावर घसरतो, रबर थोडे दबले पाहिजे. सह्याद्रीत फिरणाऱ्या जुन्या मंडळींमध्ये ‘ॲक्शन ट्रेकिंग’ या स्वस्त देशी बुटांचे नाव इतके का झाले, तर एवढ्याचसाठी. दिसायला साधे, पण कातळावर धरून राहणारे. बर्फातले जड चामडी बूट इथल्या उन्हात नकोत, पाय शिजतात.

बुटाचा सोल ही किती गंभीर गोष्ट आहे याचा एक दाखला भूगोलाच्या सरांनी दिला. 1935 मध्ये इटलीतल्या पुंता रासिका या शिखरावर वादळात सापडून सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. कड्यावर चढण्यासाठी त्यांनी हलके, पातळ तळाचे जोडे घातले होते आणि थंडी-बर्फात ते कामाचे उरले नाहीत. त्या मोहिमेतले विताले ब्रामानी वाचले. त्यांनी टायर बनवणाऱ्या पिरेली कंपनीच्या मदतीने खोल खाचांचा रबरी सोल तयार केला, तो 1937 मध्ये आला. त्यांच्याच नावावरून तो ‘विब्रम’ म्हणून ओळखला जातो. टायरवरून बूट सुचला, हे मुलांना फार आवडले.

गंमत अशी की माणकोली, काल्हेर, पूर्णा या आपल्या गोदामांच्या पट्ट्यातून मोबाईलवर मागवलेल्या मालाचे खोके देशभर जातात, त्यात बूटही असतातच. आमचे कितीतरी माजी विद्यार्थी तिथे खोके भरतात. त्यांच्यातल्या एकाने सांगितले, ‘सर, परत येणाऱ्या मालात बुटांचे खोके फार असतात, नंबर चुकतो.’ मागवायचे असेल तर मागवावे, पण आधी कागदावर उभे राहून पायाची बाहेरची रेघ काढावी, सेंटिमीटरमध्ये मोजावी, आणि आलेले बूट दोन दिवस फक्त घरातल्या फरशीवर घालावेत. सोलला धूळ लागली की परत करणे अवघड.

आणि नवे बूट थेट डोंगरावर नेऊ नयेत. दोन आठवडे रोज थोडे घालावेत, मशिदीला, बाजाराला. नखे दोन दिवस आधी सरळ कापावीत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, त्यापेक्षा लोकरीचा किंवा खेळाचा मोजा बरा. मुलींच्या सलवारीची मोहरी मोज्यात खोचलेली असावी, पायात येत नाही.

त्या मुलीच्या बुटांचे काय? ते टाकून देणे आम्हाला पटत नव्हते, आणि नवे घेऊन दिले असते तर तिच्या अब्बांना ते लागले असते. बाजारातल्या मोच्याकडे गेलो. त्याने जाड नमद्याचे सुकतळे कापून आत बसवले आणि टाचेला आतून पट्टी लावली. आमच्याकडून त्याने पैसे कमीच घेतले. वर जाड मोजे घातले की दोन नंबरांतला एक-सव्वा भरून निघाला. शेवटच्या दोन भोकांतून नाडीचा फास घेऊन टाच घट्ट बांधायची पद्धत तिला बाईंनी शाळेच्या जिन्यावर शिकवली. वर-खाली, वर-खाली, मधल्या सुट्टीत. दोन दिवसांत अर्धा वर्ग त्या जिन्यावर होता.

नव्या वर्षाची चिठ्ठी पान भरून झाली. पायांबद्दल नऊ ओळी, मराठीत आणि उर्दूत, आणि वरती मोठ्या अक्षरांत: नवीन बूट घेण्याची गरज नाही, आहेत ते आधी शाळेत दाखवा. सहलीच्या दोन आठवडे आधी वर्गात सगळ्यांचे बूट टेबलावर मांडले. अकरा जोड मोच्याकडे गेले, तीन बाद झाले. त्या तिघांना वरच्या वर्गातल्या मुलांनी आपले दिले.

जानेवारीत पुन्हा गुमतारा. ती मुलगी आता दहावीत होती, पण मदतीला म्हणून आली. नखे नवी आली होती. उतरताना घसाऱ्यावर ती गाववाल्या तरुणाच्या मागोमाग होती आणि आम्ही तिच्या मागे. फाट्यावर एसटीची वाट पाहताना तिने बूट काढले, मोजे उलटे करून झटकले, दोन खडे पडले. मग पाय पुसले, बूट चढवले आणि नाडी शेवटच्या भोकापर्यंत ओढून बांधली.